चार बोटं उंच

पुण्याचं प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता हा शनिवारवाडा दाखवेल, मग तुळशीबाग, मग मिसळ, मग पुणेकर कसे खवचट याचे चार किस्से. बसा वाट बघत. मी पुण्यात सहा दिवस होतो आणि त्यातले तीन दिवस पिकअपच्या खाली पाठीवर झोपून होतो. माझं पुणं खालून बघितलेलं आहे. त्यात चपला आहेत, सायलेन्सर आहेत, आणि वाकून "काय झालं हो?" विचारणारी उलटी तोंडं आहेत. चालत असेल तर पुढं वाचा.

मी पुण्याला गेलो ते गाडी विकायला. म्हणजे काकांनी पाठवलं विकायला.

आमचं गाव वरूडकडचं, संत्र्याच्या बागांचं. वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं, आणि दहावीनंतर माझ्या हातात पुस्तकाऐवजी पिकअपचं स्टिअरिंग दिलं. सात वर्षं मीच ती चालवतोय. बागेतून संत्रा भरायचा, मंडीत नेऊन टाकायचा. पण आमची जमीन काळी. पावसाळाभर ट्रॅक्टर जाऊन जाऊन बागेच्या वाटेला दोन खोल चर पडतात आणि मधे उंच दांड उरते. पिकअपचं पोट त्या दांडीवर घासतं. मागच्या हंगामात इंजिनखालचं ऑइल चेंबर फुटलं, गाडी बागेतच बसली, आणि तिला ओढायला ट्रॅक्टर आणावा लागला. सगळं गाव बघायला आलं. तेव्हापासून व्यापारी ट्रॅक्टरवाल्यांनाच बोलवायला लागले. आमच्याकडं माल आलाच तर गाडी डांबरी रस्त्यावर थांबायची आणि बाया डोक्यावर कॅरेट (संत्रा भरायचा प्लास्टिकचा जाळीदार खोका) घेऊन लांबून चालत यायच्या.

काका म्हणाले, "जे गाडी बागेत जात नाई, ते दारात कायले पाह्यजे?" त्यांनी फोनवरच पुण्याजवळच्या मांजरी गावचं गिऱ्हाईक ठरवलं. वर म्हणाले, "गाडी देऊन टाक अन् तू तिकडंच राय. प्रशांतनं नोकरी पाह्यली हाये."

प्रशांत म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याच्या कंपनीत लोकांना घरून आणायला-सोडायला गाड्या होत्या, त्यावर ड्रायव्हर पाहिजे होता. पांढरा शर्ट, गळ्यात पट्टा, गाडीत एसी. आणि गाडी दुसऱ्याची.

मला आयुष्यात दोनच गोष्टी येतात. एक गाडी चालवणं आणि दुसरी आवाज काढणं. शाळेत असताना मी भिंतीपलीकडून हेडमास्तरांच्या आवाजात "सुट्टी!" म्हणालो होतो आणि तीन वर्ग घरी गेले होते. या दोन्ही गोष्टींचा पुण्यात उपयोग झाला, तो असा.

दोन दिवस गाडी हाणत नगर रस्त्यानं वाघोलीपर्यंत आलो आणि तिथून मांजरीकडं वळलो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला उसातून उगवल्यासारख्या दहा मजली इमारती. गिऱ्हाईक म्हणजे नाना, उसाच्या रोपांची नर्सरी असलेला साठीचा माणूस. रोपांचे ट्रे शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवायला त्यांना पिकअप हवी होती. त्यांनी मला आधी उसाचा रस पाजला. माणूस चांगला होता, हे मी आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते चांगलं नव्हतं.

"चला, बघू काय हाय गाडी," म्हणत नाना शेजारी बसले. मी गाडी चालू केली. पहिल्या वळणावर दात मिटून, ओठ न हलवता, घशातून आवाज काढला. खर्रऽऽ टक.

नानांनी कान टवकारले. दुसऱ्या वळणाला पुन्हा. खर्रऽऽ टक.

"ह्यो आवाज कसला?"

"कुठला?"

"त्योच की! खर्र टक."

"असा होय. मला आता ऐकू येत नाही, सवय झाली. गिअरबॉक्सचा असेल."

तिसऱ्या वळणाला मी टक दोनदा केला. नाना म्हणाले, "थांबव." खाली उतरले, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काकाला सांग, नुसती गाडी असती तर घेतली असती. आवाजासकट न्हाय परवडत."

मी मान खाली घालून "बरं" म्हणालो आणि शंभर मीटर पुढं जाऊन एवढ्या जोरात हॉर्न वाजवला की उसातले बगळे उडाले. पाप लागायचं असेल तर लागो.

संध्याकाळी शनिवार पेठेत प्रशांतकडं गेलो. गल्लीत पिकअप शिरली तर आतल्या माणसांनी बाहेर कसं यायचं असा प्रश्न होता, म्हणून ती नदीपात्रात लावली आणि चालत गेलो. दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत प्रशांत आणि त्याचे दोन मित्र राहायचे. जेवायला मेसचा डबा होता. आमटीत गूळ, भाजीत साखर. मी विचारलं, "पोळी तरी साधी आहे ना?" कुणी हसलं नाही.

"गज्या, गाडी विकली नाहीस?" प्रशांत.

"गिऱ्हाइकाला आवाज आवडला नाही."

"कसला आवाज?" मी काढून दाखवला. प्रशांतनं कपाळाला हात लावला. "अरे यार, मंडेपासून तुझं जॉइनिंग आहे! स्टेबल जॉब आहे, पीएफ आहे. तुझ्यासाठी मी मॅनेजरशी बोललोय."

"या या, श्युअर, आय विल गेट बॅक टू यू," मी त्याच्याच फोनवरच्या आवाजात म्हणालो. मित्र हसले, तो चिडला. चिडून कॉम्प्युटरकडं वळला, आणि तिथं मला ती दिसली. पडद्यावर एक परदेशी पिकअप उभी होती. टायर माणसाच्या छातीएवढे, आणि गाडीच्या पोटाखालून वासरू गेलं असतं इतकी उंच.

"हे काय आहे?"

"लिफ्टेड ट्रक. तिकडं हौसेनं करतात. सस्पेन्शन उचलायचं, मोठे टायर टाकायचे."

"म्हणजे खाली काही घासत नाही?"

"नाही. पण गज्या, प्रॅक्टिकल हो. ते अमेरिकेत."

"माती अमेरिकेतही जमिनीवरच असते," मी म्हणालो आणि झोपलो. म्हणजे डोळे मिटले. गाडी वर उचलता येते ही गोष्ट मला सात वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

सकाळी सातारा रस्त्यावरच्या एका चकचकीत गॅरेजात गेलो. काचेच्या टेबलामागं टाय लावलेला मुलगा होता. म्हणाला, "सर, कंपनी अलाऊ करत नाही. वॉरंटी जाईल."

"वॉरंटी जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं वर्षश्राद्धही घालत नाही आम्ही आता."

"तरी सर, होत नाही."

पुढं दोन गॅरेजांत तेच ऐकलं. होत नाही. चौथ्या ठिकाणी तर मी त्याच्या आधीच म्हणालो, "होत नाही ना?" तो म्हणाला, "नाही." मी म्हणालो, "धन्यवाद, वेळ वाचला."

कात्रजला डेअरीच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी, कमानवाल्यांची दुकानं आहेत. कमान म्हणजे ट्रकच्या चाकावर एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा. गाडीचं सगळं ओझं त्यावर तोललेलं असतं. माझी पिकअप जुनी, तिला पुढं-मागं कमानीच होत्या. शेवटच्या दुकानात भट्टीपुढं दत्तूमिस्त्री बसले होते. बनियन, कानावर बिडी, हातात घण.

"गाडी उंच करायची आहे."

"किती?"

मी छातीवर हात ठेवला. "टायर इथपर्यंत."

मिस्त्रींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "माल वाहतोस का वरात काढतोस?"

मी बागेची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "घासताना आवाज कसा येतो?" आता हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारला होता. मी उभा राहिलो आणि अख्खा प्रसंग काढून दाखवला. आधी गवताचा सर्रर्र, मग घर्रर्र, मग टण्ण, मग ऑइल गळतानाची बारीक पुळपुळ.

मिस्त्रींनी डोळे मिटले. "पुन्यांदा काढ." मी काढला. "आता नुसतं घर्रर्र आन टण्ण." काढलं. रस्त्यावरून जाणारे दोघं थांबले.

"आधी मधला शाफ्ट घासला, आन मग चेंबर ठोकलं," मिस्त्री डोळे उघडत म्हणाले. "शाफ्ट घासूनबी गाडी पुढं सरकली, म्हंजी दांड लई उंच न्हाय. चार बोटं कमी पडत्यात तुला. छातीबिती काय न्हाय. दोन बोटं कमानीतनं काढतो, दोन टायरातनं. मोठं टायर म्हंजी एक नंबर मोठं, हत्तीचं न्हवं. करायचं आसंल तर हाय, न्हायतर घाट तिकडं हाय."

मला छातीएवढेच हवे होते. पण ज्यानं "होत नाही" म्हटलं नाही असा हा पहिला माणूस होता. लोकांच्या लग्नात नकला करून साठवलेले सगळे पैसे मी त्याच्या हातात ठेवले.

पुढचे तीन दिवस तिथंच गेले. मिस्त्री कमान सोडवायचे, प्रत्येक पट्टीवर खडूनं आकडा टाकायचे, भट्टीत लाल करून घणानं जास्त वाकवायचे. पट्टी गार झाली की तिला टांगून हातोडीनं मारायचे आणि ऐकायचे. चांगली पट्टी टाण्णऽऽ म्हणते, आतून तडकलेली थप म्हणते. दिवसभर बघून मला राहवेना. मिस्त्रींनी हातोडी मारली, मी मागून बरोबर त्याच क्षणाला "थप" म्हणालो. त्यांनी पट्टी भंगारात फेकली. दुसरी मारली, थप. तीही फेकली. तिसऱ्या वेळी मला हसू आलं आणि हातोडीऐवजी ऑइलचं फडकं माझ्या तोंडावर आलं.

"कार्ट्या, उद्या बागंत कमान तुटली तर थप तुझीच हुईल!" पण नंतर रस्त्यापलीकडच्या टपरीवरून त्यांनीच चहा आणि भजी मागवली. भजीत साखर नव्हती. कात्रज मला तिथंच आवडलं.

मिस्त्रींची एक पद्धत मी कुठं बघितली नव्हती. कमानी बसवल्यावर त्यांनी रिकाम्या गाडीची उंची मोजलीच नाही. "रिकामी गाडी खोटं बोलती," म्हणाले. माझ्याकडून वाळूची पोती भरून घेतली, संत्र्याच्या मालाएवढं वजन गाडीत चढवलं, आणि मग खाली हात घालून बोटं मोजली. एक, दोन, तीन, साडेतीन. पोती उतरवली, कमान सोडली, पुन्हा भट्टी. पोती चढवून-उतरवून माझी कंबर गेली. तिसऱ्या खेपेला चार बोटं भरली.

मग ब्रेकचा रबरी पाइप कमी पडला. "गाडी वर गेली की समदं ताणतं," मिस्त्री म्हणाले. "लांब पाइप आण. शनवारात एक म्हातारं हाय, त्याच्याकडं मिळंल."

सिटी बसनं परत शनिवार पेठ. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाइकानं आत आणि मालकानं बाहेर असं उभं राहावं लागेल. चष्म्यावरून बघत आजोबा म्हणाले, "आपल्याला काय हवंय?"

"पिकअपच्या ब्रेकचा लांब पाइप."

"पिकअपला जेवढा लागतो तेवढा मिळेल. लांब म्हणजे काय? वाळत घालायचाय?"

"गाडी उंच केलीय."

"का? आपल्या गावात रस्ते खाली गेलेत का?"

"हो," मी म्हणालो. "रस्तेच खाली गेलेत. चाकं चरात आणि पोट मातीवर."

आजोबांनी चष्मा वर सरकवला. मग स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून तीन पाइप काढले, मोठ्या ट्रकचे. एकेक ताणून बघितला आणि मधला मला दिला. "हा बसेल. गाडी उंच झाली म्हणून वळणावर वेग ठेवू नका, कलंडाल. आणि कलंडलात तर पाइप परत घेतला जाणार नाही."

पाइप बसला, टायर चढले, गाडी जॅकवरून खाली आली. म्हणजे आली आणि वरच राहिली. तिच्याकडं बघून मला असं वाटलं की सात वर्षं ही वाकून चालत होती.

पोत्यांसकट कात्रजच्या घाटात चाचणी घेतली. सरळ रस्त्यावर घोड्यावर बसल्यासारखं वाटलं, पहिल्या वळणावर उंटावर. आजोबांची आठवण येऊन मी पाय ब्रेकवर ठेवला. समोरून आलेल्या बसचा ड्रायव्हर काचेतून बरोबर माझ्या डोळ्यांत बघत होता. आधी मला त्याच्या चाकाचे नटच दिसायचे. वरच्या वळणावर गाडी थांबवून मी पुणं एकदाच वरून पाहिलं. कौलं, टाक्या, काचेच्या इमारती, आणि कुठंतरी त्यात माझी वाट बघणारा पांढरा शर्ट.

सोमवारी त्या शर्टाला नाही म्हणायला मी प्रशांतच्या कंपनीत गेलो. गेटवर आडवा लोखंडी पाइप होता, त्याहून उंच गाडी आत जाऊ नये म्हणून. माझी गाडी दोन बोटांनी अडली. वॉचमन धावत आला. बोलण्यावरून आमच्याच बाजूचा निघाला, बुलढाण्याचा.

"भाऊ, हे आत नाई जात."

"बरं झालं," मी म्हणालो. "मलेबी आत नाई जायचं."

गळ्यात पट्टा घातलेला प्रशांत बाहेर आला. गाडी बघून तोंड उघडं पडलं. "गज्या, काका मारतील तुला."

"मारू दे. आता माझ्यापर्यंत पोचायला त्यांना शिडी लागेल."

त्यानं टायरशेजारी उभं राहून आपली उंची लावून बघितली. मग इकडंतिकडं बघितलं, पट्टा खिशात घातला, केबिनमध्ये चढून स्टिअरिंग धरून बसला आणि वॉचमनला म्हणाला, "एक फोटो काढ ना, प्लीज."

परतीचे दोन दिवस मी प्रत्येक गतिरोधक मुद्दाम मधोमध घेतला.

काका अंगणातच होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. चप्पल काढून टायरला अंगठा लावून बघितला.

"नानाचा फोन आला होता. गिअरबॉक्स आवाज करते म्हने."

"हो."

"कसा करते?"

मी टायरवरची माती खरवडायला लागलो.

"काढून दाखव."

मी काढला. खर्रऽऽ टक. काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. म्हणाले, "उद्या बागेत ने. पोट घासलं तर तूच परत मांजरीले जाशीन, नानाची माफी मागशीन अन् गाडी देऊन येशीन."

सकाळी बागेच्या तोंडाशी ट्रॅक्टरवाले, व्यापारी, तोडीच्या बाया, सगळे उभे. चाकं चरात उतरली. काका गाडीच्या बाजूनं वाकून, खाली बघत चालले. मी काच खाली करून कान लावला होता. घर्रर्र यायचा होता तिथं काही आलं नाही. टण्ण यायचा होता तिथंही नाही. नुसतं गवताचं सर्रर्र, आणि आम्ही पार झाडापर्यंत. काका मागं गेले, दांडीवरचं गवत हातात धरून बघितलं. गवत वाकलं होतं, उपटलं नव्हतं. ते उभे राहिले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "भरा."

गाडी राहिली. तेवढ्या एका शब्दावर राहिली.

प्रवासवर्णनाच्या शेवटी माणसाला काहीतरी उमगतं म्हणे. माल भरला जात होता तेव्हा मी बॉनेटवर बसून तेच उमगून घेत होतो. चार जण 'होत नाही' म्हणाले म्हणून मी ऐकलं असतं तर आज कुणाच्या तरी एसी गाडीत 'गुड मॉर्निंग सर' करत बसलो असतो. गाडी अजून तेवढीच उंच आहे आणि राहील, कुणाला सांगायचं असेल त्याला सांगा. एवढं उमगलं आणि मागून फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, कॅरेट आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ संत्री घरंगळली.

फाळक्याजवळ पंचफुलाबाई उभी होती. माल चढवणाऱ्या बायांची म्होरकी, पन्नाशीची, बुटकी, माझ्या आईच्या बरोबरीची. तिच्या हनुवटीपर्यंत फाळका आला होता.

"गजाऽ! उतर खाली."

मी उतरलो.

"हे काय करून आनलं?"

"बाई, गाडी उंच केली. आता बागेत येते. तुम्हाला डोक्यावर कॅरेट घेऊन डांबरीवर जायची गरज नाही."

"येते ते मले दिसते. डोये हायेत मले. पन हे कॅरेट आता कुठं ठिवू, तुया डोक्शावर? आधी गाडी छातीले लागे, कॅरेट सरकवून देलं का झालं. आता हे गयापर्यंत उचलावं लागते. एक उचलीन, दोन उचलीन, तिसऱ्याले माया खांदा जाईन. तुले वाटलं बाई लांबून चालते म्हनून थकते? चालनं काई नाई रे, चालनं आराम हाये. उचलनं काम हाये! अन् सहा दिवस तू पुन्यात होता. मिस्तरीले विचारलं, दुकानवाल्याले विचारलं, त्या प्रशांतले बी विचारलं. मले विचारलं का? मायं घर तुया घराच्या मांगं हाये. 'पंचफुला, तुया हात कुठवर पोचते,' एवढं विचाराले डिझल लागत होतं का? टायर मोजले, दांड मोजली, आमचे खांदे कोन मोजन? तोंड वाकडं नोको करू, माया आवाज काढशीन तर इथंच हानीन. काका हसून रायले तिकडं, त्याइले बी सांगतो, तुमीबी या. आज आमी साऱ्या बाया गाडीत वर उभ्या रायतो अन् तू खाली उभा राय. सत्तर कॅरेट हायेत. चाल, उचल."